पाणक्याचे कोरडे ओठ

पूर्वी तगर नगरीत विमलसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या घरी जन्मला होता. वडिलांच्या पश्चात बैलगाड्यांचा मोठा तांडा त्याच्या हाती आला, आणि तांड्याबरोबर वडिलांच्या वेळचे रिवाजही आले.

त्यातला एक रिवाज असा. मुक्काम पडला की तिन्हीसांजेला सार्थवाहाच्या गाडीपुढे दिवा लावायचा. गाडीवान, आचारी, पाणक्या असे एकेक जण दिव्यापुढे येत. सार्थवाह विचारी, "कुशल?" आणि आलेला माणूस हात जोडून म्हणे, "सर्व कुशल." प्रवासात दिव्यासमोर अशुभ बोलू नये, बोललेले खरे होते, अशी सगळ्यांची समजूत होती. मागे एका गाडीवानाने गाडीच्या चाकांचा आस तडकल्याचे दिव्यासमोर सांगितले, तर थोरल्या सार्थवाहांनी पुढच्याच गावी त्याला काढून टाकले. आस तडकलेलाच होता. दुसऱ्या दिवशी तो मोडला, आणि त्याचे खापर फुटले त्या बिचाऱ्याच्या जिभेवर! तेव्हापासून तांड्यात सदासर्वदा सगळे कुशलच असे.

या तांड्याचा पाणक्या होता पुष्यक. निर्जल माळ ओलांडायचा म्हणून त्याने शेवटच्या गावात जुने काळवंडलेले रांजण बदलून नवे घेतले. लालबुंद, गळ्याशी नक्षी काढलेले. नव्या रांजणात आधी चार दिवस पाणी मुरवावे लागते, नाहीतर तो झिरपत राहतो, हे पुष्यकाला काही कोणी शिकवायला नको होते. पण तांडा निघायच्या घाईत होता आणि रांजण दिसत होते फार सुरेख. त्याने ते तसेच भरले.

माळावर पहिल्याच दुपारी गाड्यांखालची धूळ ओली दिसू लागली. पुष्यकाने रांजणांना गोणपाट गुंडाळले, वर झावळ्या टाकल्या, बुडाला चिखल लिंपला. तरी पाणी उतरतच होते. मग तो स्वतःच्या वाट्याचे पाणीही गुपचूप रांजणात परत ओतू लागला. त्याने काय होणार होते? पण दुसरे काही करायचे धैर्य त्याच्यात नव्हते. दुसऱ्या दिवशी मुक्काम पडला तेव्हा रांजण निम्म्याच्याही खाली गेले होते. सकाळी तांडा आणखी आत जाणार, म्हणजे मागे फिरून गावही गाठता येणार नाही. आधी बैल बसतील, मग माणसे. हे तांड्यात एकट्या पुष्यकाला ठाऊक होते.

आज सांगायचेच, असे ठरवून तो रांगेत उभा राहिला. मनात वाक्य जुळवले, दोनदा घोकले. त्याची पाळी आली. दिव्याशेजारी म्हातारा भद्रघोष बसला होता. थोरल्या सार्थवाहांच्या वेळेपासून रिवाज सांभाळायचे काम त्याच्याकडे होते, आणि तो ते डोळ्यांत तेल घालून करी.

"कुशल?" बोधिसत्त्वाने विचारले.

"सर्व कुशल," पुष्यक म्हणाला, आणि आपल्याच तोंडून हे ऐकून त्याला रडू फुटायचे बाकी राहिले.

बोधिसत्त्व त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. ओठ सुकून तडकले होते, एका चिरेतून रक्त आले होते. आचाऱ्याचे ओठ ओले, गाडीवानांचे ओले, आणि ज्याच्या हातात पाणी त्याचे कोरडे! बोधिसत्त्वाला काहीतरी उमगले. पण चारचौघांत त्याने पुष्यकाला काही विचारले नाही.

"बसा सगळे," तो म्हणाला. "आता माझं ऐका. माझं काही कुशल नाही. सकाळी मी वाट चुकलो. दुपारी ते माझ्या लक्षात आलं, पण लाजेपायी मी बोललो नाही. आपण सरळ जायचं ते उजवीकडे सरकत आलोय."

भद्रघोष ताडकन उठला. "अहो सार्थवाह! दिव्यासमोर काय बोलता हे?"

"वाट सकाळीच चुकली होती, काका. दिव्याला ती आत्ता कळली, एवढंच." मग सगळ्यांकडे वळून तो म्हणाला, "आता प्रत्येकानं आपलं काय अडतंय ते सांगायचं. लहान असो की मोठं. रागावणार कोणी नाही, मी तर नाहीच."

जो तो भद्रघोषाकडे चोरून पाहू लागला. शेवटी एक गाडीवान चाचरत म्हणाला, "माझा बांडा बैल दुपारपासून सारखा डावीकडं ओढतोय, मालक. जुवानं मान सोलली त्याची."

आचारी म्हणाला, "मघाशी पारव्यांचा थवा परातीवरून गेला. मळलेल्या पिठाची पार घाण करून ठेवली." यावर सगळे हसले. कोणाची चूल, कोणाची वंगणाची नळी, अशा बारीकसारीक गोष्टी बाहेर पडू लागल्या.

त्या हसण्यात पुष्यकाला वाट मिळाली. "पाणी उद्या दुपारपर्यंतच पुरेल," तो म्हणाला. "रांजण झिरपतात. मी ते न मुरवताच भरले. चूक माझी आहे."

हसणे थांबले. "अरे अभद्रा!" भद्रघोष ओरडला.

"थांबा काका." बोधिसत्त्व पुष्यकाच्या समोर येऊन बसला. "मला नीट कळू दे. रांजण निम्म्याहून खाली आहेत, झिरपणं थांबलेलं नाही, उद्या दुपारनंतर आपल्याकडे काही नाही. असंच ना?"

"असंच."

"बरं झालं सांगितलंस. पारवे कुठल्या अंगाला गेले, आचारीबुवा?"

"डावीकडं. त्या टेकाडाच्या मागं."

बोधिसत्त्वाने गाडीवानाकडे पाहिले. गाडीवानाचे डोळे मोठे झाले. "बांडाही तिकडंच ओढतोय की, मालक! पाण्याचा वास लागला असणार त्याला."

संधिप्रकाश होता तोवरच कुदळी घेऊन माणसे निघाली. टेकाडामागे एक कोरडा नाला होता आणि काठाला शिंदीची झाडे. वाळू हातभर उकरली तशी ती ओलसर लागली. आणखी उकरली, आणि त्या खड्ड्यात हळूहळू गढूळ पाणी जमू लागले. ते निवळेपर्यंत सगळे खड्ड्याभोवती बसून राहिले. मग बोधिसत्त्वाने पहिली ओंजळ भरली आणि पुष्यकापुढे धरली. पुष्यक ती प्यायला आणि वाळूत बसून पोटभर रडला. इतके हलके त्याला कित्येक दिवसांत वाटले नव्हते.

बैलांचे पाणी होईपर्यंत भद्रघोष कडेला उभा होता. मग तो खाकरून म्हणाला, "आता निघालाच आहे विषय, तर माझा गुडघा वर्षभर दुखतोय. गाडीत बसायला जागा मिळाली तर बरं होईल."

रांजण पुरते मुरेपर्यंत तांडा त्याच नाल्याकाठी राहिला. त्या दिवसापासून तांड्यात दिवा लागला की सार्थवाह 'कुशल?' असे विचारीत नसे. 'काय अडतंय?' असे विचारी, आणि उत्तर पुरे होईपर्यंत ऐके.

एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून भिक्खूंचे गुरू, शास्ता, थांबले. विहारातले भिक्खू भोवती बसले होते. शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा भद्रघोष म्हणजे आपले हे वृद्ध स्थविर. पुष्यक म्हणजे भांडार सांभाळणारा सोणक. आणि तो सार्थवाह मीच होतो."

सोणक सर्वांत मागे बसला होता. त्याने मान खाली घातली, मग वर केली. "भंते," तो म्हणाला, "कोठीचं छप्पर गळतंय. तांदळाची खालची पोती भिजली आहेत. मी कोणाला सांगितलं नाही."

कोणी रागावले नाही. वृद्ध स्थविर गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "चल, कुठं गळतंय ते दाखव."

दोघे कोठीकडे गेले. त्यांच्याकडे पाहत शास्ता म्हणाले, "खरे बोलण्याचे पुण्य पुष्यकाचे. पण ते ऐकून घेण्याचे बळ जिने सार्थवाहाला दिले, ती क्षांती पारमिता, सहनशीलतेची परिपूर्णता."