जित्याचा खडक

नदीच्या मधोमध हा जो काळा, सपाट खडक दिसतो, त्याला आमच्या गावात जित्याचा खडक म्हणतात. चपला काठावर काढा आणि मग खुशाल चढा, फोटोही काढा. खडकावर पाहण्यासारखे काही नाही, हे आधीच सांगतो. शिलालेख नाही, पावलांचा ठसा नाही. पुण्याहून येणारे पाहुणे दोन मिनिटे उभे राहतात आणि मग चहा कुठे मिळेल ते विचारतात. तरीही गोष्ट सांगायचे काम माझ्याकडे आहे, कारण देवळातला सर्वांत म्हातारा पंच मी आहे. आम्ही आमच्या चर्चला देऊळच म्हणतो.

फार जुनी गोष्ट. गावात कुंभारांची आळी होती, ती अजून आहे. त्या आळीत म्हाळू कुंभार आणि त्याची बायको तान्हाई राहत. मुले जगत नव्हती, म्हणून सटवाईला नवस केला आणि झालेल्या पोराचे नाव सटवा ठेवले. एकुलता एक. हात बापासारखाच चाकावर बसलेला. त्याचे लग्न झाले, मुलगी झाली, आणि मग पटकीची साथ आली. एका आठवड्यात बायको गेली, मुलगीही गेली. साथीच्या भीतीने खांदा द्यायला कुणी येईना. पलीकडच्या वस्तीवर हरिबा नावाचे ख्रिस्ती पाळक होते, ते आले. त्यांनी लाकडे वाहिली आणि दोन्ही वेळा शेवटपर्यंत थांबले.

त्यानंतर सटवाला काही वाटेनासे झाले, असे सांगतात. रडला नाही. चाक फिरवायचा, मडकी उतरवायचा, समोर ठेवले ते खायचा. कुणी हसले तर बघत राहायचा. आई म्हणायची, पोरगा घरात असून घरात नाही.

तो पाळकांकडे जाऊन बसू लागला. हरिबा त्याला मेलेल्यातून उठलेल्या प्रभूची गोष्ट सांगत, माणसाचा नव्याने जन्म होतो असे सांगत. सटवा पुष्कळ दिवस नुसता ऐकत होता. मग एकदा म्हणाला, "कच्चं मडकं बिघडलं तर भिजत घालून पुन्हा चाकावर घेता येतं. भाजलेल्याचं तसं न्हाई. त्याची माती हुत न्हाई परत. मी भाजलेला हाय, पाळकसायब."

हरिबा मोठे विद्वान नव्हते, पण खोटेही नव्हते. ते म्हणाले, "ते कसं होतं मला ठाऊक नाही, सटवा. तो उठला, एवढं ठाऊक आहे."

एवढ्यावर सटवाने बाप्तिस्मा घ्यायचे ठरवले. पाळक म्हणाले, नगरला चल, तिथे आपली माणसे आहेत, तिथेच राहा. तो नाही म्हणाला. "तिकडं गेलो तर लोक म्हणतील पळाला. लपवण्यासारखं काय केलंय मी? हितंच घेतो, हितंच ऱ्हातो. आन् नाव बी ह्येच ठेवा. तोच माणूस हाय ह्ये कळलं पायजे." म्हणून आठवड्याच्या बाजारच्या दिवशी, भर सकाळी, सारे गाव नदी ओलांडत असताना, ह्याच खडकापाशी त्याला पाण्यात बुडवून वर काढले. आता वाटेल की आभाळातून उजेड पडला, पाखरू उतरले. तसे काही झाले नाही. बाहेर आल्यावर पाळकांनी विचारले, काय वाटले? सटवा म्हणाला, "पानी गार हुतं."

कुंभारांच्या जातपंचांची बैठक बसली. ती माणसे काही राक्षस नव्हती. त्यांच्याकडे एक कायदा होता आणि त्या कायद्यात सटवासाठी एकच जागा होती. ठरले की सटवा मेला. मेला म्हणजे मेला. त्याला कुणी बघायचे नाही, त्याच्याशी बोलायचे नाही, आणि बापाने त्याचे सगळे क्रियाकर्म करायचे. कडब्याचा माणूस केला. त्याला सटवाचाच सदरा घातला, पागोटे बांधले. प्रेतापुढे पाण्याचे मडके फोडावे लागते. म्हाळूच्या अंगणात मडक्यांची रास पडली होती. तरी त्याने त्यातले घेतले नाही, चाकावर बसून नवे घडवले. का, ते कुणी सांगत नाही.

नदीच्या ह्या तीराला चिता पेटली. त्या तीराला, बाभळीखाली, सटवाने खोपट घातले होते. तो दारात उभा राहून आपला धूर बघत होता. त्याला एवढेच वाटले म्हणे, की सदरा चांगला होता.

मग मेलेल्या माणसाचा संसार सुरू झाला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्याची मेल्यावरही गेली नाही. पहाटे उठायचा, नदीवर येणाऱ्या प्रत्येकाला "सलाम" म्हणायचा. आमच्या लोकांत सलाम करतात. उत्तर कुणी देत नसे. बाया त्याच्या आरपार बघायच्या. मग तो पागोटे काढून पाण्याशी उभा राहायचा आणि मोठ्याने प्रार्थना करायचा. प्रार्थना कसली, गावची खुशालीच ती. म्हाळू कुंभाराचा गुडघा बरा कर. पाटलाच्या तांबड्या बैलाला उठव. येसूच्या नावाने मागतो. सटवा दिसत नव्हता, पण ऐकू येत होता, आणि बाया धुण्याचे हात थांबवून आज कुणाचे नाव येते ते ऐकायच्या. पाळक त्याला ज्वारीचे पीठ पोचवत. पीठ होते, चूल होती, भूक मात्र नव्हती. सवयीने चार घास खायचा. नवा जन्म झाला असे सांगितले होते, आणि आत तर दगड होता. तरी प्रार्थना चुकवली नाही. आमचे काही उपदेशक इथे म्हणतात की त्याचे हृदय आनंदाने भरले होते. भरले नव्हते. मी त्यांना तसे सांगतोही, म्हणून मला फार बोलवत नाहीत.

दहावा दिवस आला. सगळी भावकी नदीवर जमली. ह्या खडकावर भाताचा पिंड मांडला आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघू लागले. कावळा पिंडाला शिवला म्हणजे मेलेल्याची इच्छा उरली नाही, तो सुटला. नाही शिवला तर काहीतरी राहिले आहे. चिंचेवर कावळे भरपूर होते, पण खाली एकही येईना.

मग अशा वेळी बोलतात तसे नातेवाईक पिंडाला बोलू लागले. चुलता म्हणाला, "सटवा, तुझ्या आईला अंतर देनार न्हाई." मामा म्हणाला, "तुझं चाक मोडनार न्हाई." कावळे हलले नाहीत. असा दहावा कुणी पाहिला नसेल. मेलेला माणूस पलीकडच्या काठावर उभा राहून आपल्याला दिलेली वचने ऐकत होता, आणि सगळे त्याच्याकडे पाठ करून भाताशी बोलत होते.

ऊन चढले. थोरले पंच खंडूकाका वैतागून म्हणाले, "दर्भाचा कावळा करा आन् शिववा. किती बसायचं?"

"थांबा," तान्हाई म्हणाली. इतके दिवस ती एक शब्द बोलली नव्हती. "त्याचं कायतरी राह्यलंय. त्यालाच इचारते."

"आगं, पर त्यो..." खंडूकाका म्हणाले.

"मेलेल्याला इचारायला बंदी हाय का? मघापासनं तुमी काय करताय?"

पिंडापाशी मेलेल्याशी बोलायची मुभा असते, हा पंचांचाच कायदा. तान्हाई पुढे झाली, आणि साऱ्या भावकीसमोर पलीकडे तोंड करून तिने हाक मारली. "सटवा, काय राह्यलं रं लेकरा तुजं?"

तो काही बोलायच्या आत खंडूकाकांनी संधी साधली. त्याच्याकडे न बघता, पिंडाकडेच बघत ते म्हणाले, "सटवा, येसूचं नाव टाकतो म्हन. एवढाच शब्द बोल. ह्या घडीला जिता करतो तुला. घरी चल, चाक हाय, आई हाय."

सगळ्यांना ऐकायचे होते ते एकच. नदीत गुडघाभर पाणी. तेवढे ओलांडले की घर.

सटवा म्हणाला, "काका, मी हाय त्यो त्याच नावानं हाय. त्ये टाकलं तर तुमचा कडब्याचा मानूसच घरी न्याल तुमी." मग आईकडे वळून थांबला. पुढचे शब्द त्याच्या तोंडून निघाले तेव्हा तोच दचकला म्हणे. "आई, मला भूक लागलीया."

बायको-मुलगी गेल्यापासून त्याला लागलेली ती पहिली भूक. तो पाणी तुडवत खडकाकडे निघाला. भावकी मागे सरली, कारण त्याला बघायचेही नव्हते आणि त्याच्याकडे बघितल्याशिवाय राहवतही नव्हते. खडकावर चढून त्याने पागोटे काढले, डोळे मिटले. गुपचूप घास घेतला असता तरी भागले असते. पण तो रोजच्यासारखा मोठ्याने बोलला, "बापा, ह्यो भात दिलास. ही माझी आई, ह्यो माझा बाप. ह्यांनी वाढलंय. येसूच्या नावानं खातो. आमेन." आणि बसून पिंड खाऊ लागला. खाता खाता त्याला रडू फुटले. भात गिळवेना आणि रडणे थांबेना, तरी खात होता.

तान्हाई म्हणाली, "जल्मला तवा बी असाच. रडत रडत प्याला हुता."

खंडूकाकांनी पिंडाच्या रिकाम्या जागेकडे बघितले. मान खाजवली. मग म्हणाले, "पिंडाला शिवला. चला, आंघुळी करा." कोण शिवला ते त्यांनी विचारले नाही, आणि कुणी सांगितले नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

पाळकांना मात्र हे रुचले नाही. पिंडाचा भात ख्रिस्ती माणसाने खावा का, म्हणून ते दोन दिवस धुमसत होते. सटवा त्यांना म्हणाला, "आईनं शिजवला हुता त्यो."

भावकीत तो मेलेलाच राहिला, मरेपर्यंत. पण मेलेल्यासाठी घास काढून ठेवायला कुणाची मनाई नसते. तान्हाई रोज एक भाकरी परळात, म्हणजे मातीच्या पसरट ताटलीत घालून ह्या खडकावर आणून ठेवी, कावळ्यासाठी म्हणून. सटवा पाण्यातून येई, सगळ्यांदेखत प्रार्थना करून खाई. एकदा ती तापाने पडली. त्या दिवशी परळ घेऊन म्हाळू आला. खडकाच्या कडेला पाठमोरा बसून राहिला. पण सटवा प्रार्थनेला उभा राहिला तेव्हा म्हाताऱ्याने आपल्या डोक्यावरचे पागोटे काढले आणि आमेन होईपर्यंत मांडीवर धरून ठेवले. आमच्याकडे बापाने पोरासमोर डोके उघडे करणे म्हणजे काय, ते तुम्हाला शहरात नाही कळायचे.

त्या पाण्यात पुढे दुसरे उतरले, तिसरे उतरले. त्यांतलेच आम्ही.

आजही इस्टरच्या सकाळी कुंभार आळीतून कोरा परळ येतो. ते लोक ख्रिस्ती नाहीत, पण परळ त्यांचाच असतो. मंडळीतली सर्वांत म्हातारी बाई त्यात भात घालून इथे बसते. त्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेली माणसे पलीकडच्या काठाला उभी राहतात, आणि एकेकाला ती मोठ्याने विचारते, काय राहिले तुझे? सगळ्या गावासमोर खरे उत्तर द्यायचे, मग पाण्यातून यायचे, स्वतःच्या शब्दांत मोठ्याने प्रार्थना करायची आणि खायचे. बहुतेक जण शिकवल्यासारखे गोड उत्तर देतात. शांती हवी, आशीर्वाद हवा.

मागच्या वर्षी सुवार्ता नावाची एक पोरगी होती, नर्सिंग शिकणारी. आई करोनात गेलेली. विचारणारी आमची केराबाई, तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून पोरीला उत्तर दोनदा द्यावे लागले. "काही वाटत नाही, आजी. मला काहीच वाटत नाही." दुसऱ्यांदा ती ओरडूनच बोलली, आणि काठावरची माणसे खाली बघू लागली. आमचे नवे पाळक पुढे होऊन काही सावरून घेणार, तोवर केराबाईने परळ उचलून पुढे धरला.

"आदी खा," ती म्हणाली. "वाटायचं त्ये मागनं वाटंल."

पोरगी पाण्यातून आली. प्रार्थना तिला नीट जमली नाही, मध्येच अडकली, पण मोठ्याने म्हणाली. आणि भात खाल्ला. सगळा खाल्ला.