निरोपाची पोच

"आणखी किती स्लो करू, बाबा?"

ऋत्विज केळशीकरच्या आवाजात आता चीड होती.

वळवीबाबा आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर मांडी घालून बसले होते.

"ऑफिसात मी नेट मुद्दाम स्लो केलं. तशी सोय असते. टूजीसारखं केलं. त्याहून मंद केलं. मधेच तोडलं. बाराशे वेळा चाचणी घेतली, ॲप एकदाही बंद पडलं नाही."

"बटण कुणी दाबलं?"

"म्हणजे?"

"बाराशे वेळा. कुणी दाबलं?"

ऋत्विज हसला. "माणूस कशाला लागतो? प्रोग्रॅम दाबतो."

"एका वेळी किती वेळा?"

"एकदाच. मग उत्तर येईपर्यंत थांबतो."

"थांबतो…"

बाबांनी मान हलवली आणि ते समोरच्या दरीकडे बघत राहिले.

वळवीबाबांनी तीस वर्षं पोलिसांचा वायरलेस सांभाळला होता. निवृत्त झाल्यावरही डोंगरातल्या अँब्युलन्सना निरोप कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा, हे त्या भागातली माणसं त्यांच्याकडूनच शिकत. ऋत्विजने पुण्यात बसून नवं ॲप केलं होतं. एक बटण दाबलं की घाटाखालच्या तळावर निरोप जायचा आणि गाडी निघायची. आरोग्य अधिकाऱ्यांनी अट घातली होती : बाबा हो म्हणाले तरच सोमवारपासून सुरू.

म्हणून आज दोघं आमलीपाणी गावच्या या उपकेंद्रात आले होते. दुपारी दोन वाजता एकदा बटण दाबायचं, तळावरून एक गाडी येऊ द्यायची, एवढीच चाचणी. तळावर गाड्या सोडणारा भामरे बसला होता. त्याला सांगून ठेवलं होतं, आज ॲपवरचा प्रत्येक निरोप खरा धरायचा.

तळावर गाड्या दोनच होत्या.

दोन वाजायला वीस मिनिटं होती. आतून रजनीसिस्टरचा आवाज आला.

"साहेब! साहेब, आत या!"

सकाळी पाड्यावरून आलेली जमना नुकतीच बाळंत झाली होती. बाळ रडत होतं. पण रक्त थांबत नव्हतं. सिस्टर दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून धरत होती. कोपरापर्यंत हात लाल झाले होते.

"माझे हात मोकळे नाहीत. दाबा ते बटण!"

ऋत्विजने फोन काढला. वर रेंजची एकच काडी होती.

त्याने बटण दाबलं.

चाक फिरू लागलं. त्यानेच काढलेलं चाक, निळं, गोल, फिरत राहणारं.

"गेला का निरोप?" सिस्टरने विचारलं.

"जातोय."

रेंजची काडी गेली. परत आली. चाक फिरतच होतं.

जमनाने एकदा डोळे उघडले आणि मिटले.

"साहेब, गेला का?"

पडद्यावर अक्षरं आली : 'पुन्हा प्रयत्न करा.' तीही त्यानेच लिहिलेली होती.

त्याने पुन्हा दाबलं. चाक… पुन्हा दाबलं. हाताचा घाम काचेला लागला, तो त्याने शर्टाला पुसला आणि चौथ्यांदा दाबलं.

दारात बाबा उभे होते. त्यांनी जमनाकडे पाहिलं, ऋत्विजच्या हाताकडे पाहिलं, आणि वायरलेसचा सेट उचलून ते मागच्या टेकाडाकडे धावत सुटले. सत्तरीचा माणूस, अनवाणी. तेवढ्याच एका जागेवरून तळाशी बोलता यायचं.

"आमलीपाण्यावरून वळवी. बाळंतीण, रक्त जातंय. गाडी सोड. ओव्हर."

खरखर झाली. मग भामरेचा आवाज आला.

"बाबा, गाडी केव्हाच निघाली. दोन्ही निघाल्या. चार निरोप आले तुमच्याकडून. बाकीच्या दोघांसाठी माझ्याकडे गाडी नाही. किती पेशंट आहेत तिथं? ओव्हर."

बाबांनी खाली उपकेंद्राकडे पाहिलं.

"एक आहे. ओव्हर."

"बाबा… पलीकडच्या डोंगरावरून आत्ता फोन आलाय. शेतात एकाला साप चावलाय. मी काय पाठवू?"

"मागची गाडी फिरव."

"ती घाटात शिरली. तिथं तिचा सेट लागत नाही."

"लागेपर्यंत बोलावत राहा!"

ऋत्विज टेकाडापर्यंत आला होता. त्याने सगळं ऐकलं. फोन अजून हातातच होता, आणि चाक अजून फिरत होतं.

त्यानंतर दीड तास सिस्टरने हात काढला नाही. बाबांनी टेकाड सोडलं नाही. ऋत्विजने बाळाला उचलून धरलं होतं, कारण दुसरं काही त्याला करता येत नव्हतं.

पहिली गाडी आली. जमनाला सलाइन लावून घेऊन गेले.

दुसरी गाडी घाटाच्या वरच्या वळणावर सेटवर सापडली आणि परत फिरली. साप चावलेल्या माणसापर्यंत ती पोचली, पण तोवर पन्नास मिनिटं जास्तीची गेली होती.

उन्हं कलली तेव्हा भामरेचा आवाज आला. जमना शुद्धीवर होती. शेतातला माणूसही जगणार होता. पाय राहील की नाही, ते डॉक्टर उद्या सांगणार होते.

ऋत्विज ओट्याच्या पायरीवर बसला होता. बाबा शेजारी येऊन बसले.

"माझा पहिला निरोप… पोचला होता?"

"भामरे म्हणतो, लगेच पोचला."

"मग मला का नाही कळलं?"

"पोच परत येताना दरीत पडली."

ऋत्विजने तोंडावर हात ठेवला.

"आमच्याकडे प्रत्येक निरोपाला नंबर असायचा," बाबा म्हणाले. "सतरा नंबर दहादा आला, तरी तो सतराच."

"एवढं साधं मला सुचलं नाही?"

बाबांनी वायरलेसचा सेट पुसून पायरीवर ठेवला.

"बाबा, बाराशे वेळा तपासलं होतं मी!"

"प्रोग्रॅमला कुठं बाळंतीण दिसत होती?"

जाताना ऋत्विजने बाबांच्या पायाला हात लावला. बाबांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

पुण्याला जाण्याआधी तो सरकारी दवाखान्यात गेला. साप चावलेल्या माणसाचा पाय राहिला होता, फक्त दोन बोटं गेली होती. माणूस खाटेवर बसून डाळभात खात होता. हा कोण, हे त्याला माहीत नव्हतं. "बसा ना," तो म्हणाला. ऋत्विज बसला, आणि आपण कोण, गाडी उशिरा का आली, ते त्याने सांगितलं. माणसाचा घास हातातच राहिला. मग तो म्हणाला, "बरं…" आणि भिंतीकडे तोंड करून जेवू लागला.

पाच आठवड्यांनी ऋत्विज पुन्हा आमलीपाण्याला आला. या वेळी त्याच्या बोलण्यात आकडे नव्हते.

"निरोपाला नंबर दिलाय," एवढंच तो म्हणाला. "आणि या खेपेला बटण माणसांना दाबायला दिलं. नेट स्लो केलंय, हे त्यांना सांगितलं नाही."

"दाबलं त्यांनी?"

"एकाने एकोणीस वेळा दाबलं. फोन आपटला, मला शिव्या दिल्या."

"मग?"

"मी त्याला विचारलं, काय दिसलं असतं तर थांबला असतास?"

बाबांनी हात पुढे केला. ऋत्विजने फोन दिला. भामरेला कळवून ठेवलंच होतं.

बाबांनी बटण दाबलं. चाक आलं नाही. अक्षरं आली :

'निरोप घेतला आहे. रेंज मिळेल तसा आपोआप जात राहील. पुन्हा दाबलंत तरी गाडी एकच येईल. पेशंटजवळ बसा.'

बाबांनी मुद्दाम आणखी तीनदा दाबलं. अक्षरं तीच राहिली.

रेंज गेली… आली… पुन्हा गेली.

रजनीसिस्टर दारात येऊन उभी राहिली. ऋत्विजच्या कपाळावर घाम आला होता. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

फोन वाजला. 'निरोप तळावर पोचला. गाडी निघाली.'

टेकाडावर न जाता बाबा तसेच बसून राहिले. दीड तासाने खालच्या वळणावर गाडी दिसली. एकच. तिच्यामागचा रस्ता बराच वेळ मोकळा राहिला.

ऋत्विजने हात सोडले. बोटांचे वळ मनगटावर उठले होते.

"बाबा, आता सुरू करायचं?"

बाबांनी ते वळ पाहिले.

"भीती वाटते का रे?"

"… हो. फार."

"मग कर सुरू."