पाटीवर पडलेली धर्मशाळा

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलं नाही. तिथं एक म्हातारा गवंडी होता. हाताला यश होतं, पण स्वभाव मोठा हट्टी.

त्या राज्यात एक रीत होती. ज्या गवंड्याचं बांधकाम तीनदा पडेल, त्यानं भिंतीचा सरळपणा जोखायचा आपला ओळंबा देवळातल्या खुंटीला टांगायचा आणि पुन्हा म्हणून थापीला हात लावायचा नाही. आपल्या गवंड्यानं डोंगरातल्या खिंडीत वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधायला घेतली, आणि वाऱ्यानं ती दोनदा पाडली. आता एकच संधी उरली होती. बिचाऱ्याचं अन्नपाण्यावरून मन उडालं.

तेव्हा राजानं त्याला एक नवलाची पाटी दिली. तिच्यावर बोटानं रेघ ओढली की भिंत उभी राही. बोट फिरवलं की घर मागच्या बाजूनं दिसे, फुंकर घातली की त्यात वारा सुटे. कोपऱ्यावर टिचकी मारली की सगळं पुसून पाटी कोरी!

गवंड्यानं आधी नाक मुरडलं. मग सबंध दिवस विचार करून पाटीवर धर्मशाळा काढली, खिंडीतल्यासारखा वारा सोडला, आणि ती धाडकन पडली.

झालं. म्हाताऱ्यानं ओळंबा उचलला आणि देऊळ गाठलं.

"काकी, तिसऱ्यांदा पडली," तो देवळातल्या थकल्या गुरविणीला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"दगड कुणाच्या डोक्यात पडले?"

"कुणाच्याच नाही. पाटीवर पडली."

गुरवीण खो खो हसली. "अरे वेड्या, मग माझी खुंटी कशाला अडवतोस? जा, तिथं हवी तितकी पाड!"

गवंडी ओशाळला. घरी आला आणि पाडायलाच बसला. भिंती जाड केल्या, पडली. छप्पर बुटकं केलं, तरी पडली. पण दर खेपेला आधी कोपराच ढासळतो, हे त्या मुरलेल्या नजरेनं हेरलं. त्यानं कोपरेच काढून टाकले आणि भिंत गोल केली. एकेचाळिसाव्या खेपेला वारा भिंतीला वळसा घालून निघून गेला, आणि आमचा म्हातारा अंगणात चक्क नाचला!

मग तशीच धर्मशाळा दगडात उभी राहिली. हिवाळ्यातलं पहिलं वादळ आलं तेव्हा गवंडी मुद्दाम तीस वाटसरूंबरोबर आत जाऊन बसला. तीन दिवस वारा घोंघावत होता, पण एक चिरा हलला नाही. चौथ्या दिवशी राजा स्वतः खिंडीत आला.

"शाब्बास, गवंडीबुवा! या वेळी एकदाही पडली नाही."

"पडली की महाराज," गवंडी छाती काढून म्हणाला, "चांगली चाळीस वेळा पडली!"

तेव्हापासून त्या राज्याची रीत बदलली. नव्या गवंड्याच्या हाती ओळंबा देण्याआधी विचारत, "पाटीवर किती वेळा पाडलीस?" जो "एकदाही नाही" म्हणे, त्याला हात हलवत परत पाठवत.

तात्पर्य: जिथं पडून कुणाला इजा होत नाही तिथं मनसोक्त पडून घ्यावं, म्हणजे जिथं पडून चालत नाही तिथं ताठ उभं राहता येतं.