बांधाला कुंपण

फार मागची गोष्ट. तेव्हा राज्यं लहान होती आणि तळी मोठी.

अशाच एका राजधानीच्या डोक्यावर एक तळं होतं आणि त्याला मातीचा बांध. उन्हाळा सरत आला की सगळं गाव त्या बांधावर चढायचं. त्याला 'तुडवणी' म्हणत. ढोल वाजायचा, बैल-म्हशी पुढे, माणसं मागे, आणि दिवसभर बांधाची माती तुडवून घट्ट करायची. बांध पोखरणाऱ्या खेकड्याचं बीळ ज्याला सापडेल त्याला आंबिलीचा पहिला वाडगा. त्यामुळे पोरं नाक जमिनीला लावून फिरायची. शेटजी आणि कुंभार एकाच चिखलात उभे असायचे आणि एकमेकांची टिंगल करायचे. वर्षातून तेवढा एक दिवस.

पुढे गादीवर तरुण राजा आला. मनाचा चांगला. त्यानं सज्जातून तुडवणी पाहिली. एक म्हातारा घसरून पडला, दुकानं बंद होती, सगळीकडे धूळ. त्याला वाईट वाटलं.

"आपण प्रजेकडून कर घेतो," तो दरबारात म्हणाला. "मग प्रजेनं का राबावं? बांधासाठी खातं काढा. पहारेकरी नेमा. कुंपण घाला."

म्हातारे प्रधानजी उठले. "महाराज, खातं नको. बांध मातीवर उभा नाही, पायांवर उभा आहे."

राजा हसला. "प्रधानजी, तुम्हाला जुनं ते सगळं सोनंच वाटतं!"

"छे! तुमच्या आजोबांच्या काळी पंखा ओढणाऱ्यांवर एक देखरेख्या होता, आणि त्या देखरेख्यावर आणखी एक. ती कचेरी मीच बंद केली. मोडलेलं जरूर बदलावं. पण धड आहे ते मोडायचं, मग दुरुस्तीला माणसं ठेवायची, ही कुठली सुधारणा?"

राजाला हे झोंबलं. "तुम्ही आता विश्रांती घ्या," तो म्हणाला. प्रधानजींनी मुजरा केला आणि ते घरी गेले.

तुडवणी बंद झाली, बांधावर पाय ठेवायलाही मनाई झाली. खरं सांगायचं तर लोकांना आनंदच झाला. पाय कोणाला दुखवायचेत? दुकानदार म्हणाले, एक दिवसाचा धंदा वाचला. बांधावर पाय पडेनात, तसं गवत माजलं. लांबून बांध हिरवागार दिसायला लागला, आणि बांधाधिकाऱ्याला शाल मिळाली. गवताखाली मात्र खेकड्यांनी आणि घुशींनी आपला संसार थाटला. त्यांना कुणी हुकूम वाचून दाखवला नव्हता.

असे दोन उन्हाळे तुडवणीविना गेले, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. बांधाखाली एका बाईचा भाजीचा मळा होता. तिच्या वांग्यांच्या वाफ्यात पाणी यायला लागलं, तेही गढूळ. ती धावत पहारेकऱ्याकडे गेली.

"दादा, बांध पाझरतोय. वर जाऊन बघ की!"

"वर जायचा हुकूम नाही, मावशी."

"अरे, तू राखणदार ना?"

"राखणदार आहे म्हणूनच सांगतो. बांधावर कुणाचा पाय पडू द्यायचा नाही. माझासुद्धा! वर कळवतो."

ती बाजारात गेली. धान्याचे व्यापारी गादीवर लोडाला टेकून बसले होते. "खातं आहे ना," ते म्हणाले. "कर भरलाय आम्ही. तू तुझी वांगी बघ."

शेवटी ती प्रधानजींच्या दारात गेली. ते तसेच उठले आणि थेट राजासमोर उभे राहिले.

"महाराज, माझं ऐकू नका. जोडे काढा आणि बांधावर एक पाऊल टाका. बस्स."

राजा गेला. कुंपण ओलांडून त्यानं पाऊल टाकलं आणि पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. त्यानं तो उपसून काढला. "ढोल वाजवा," तो एवढंच म्हणाला.

ढोल वाजला. शेतकरी आले, कुंभार आले, मळेवाली तर सगळ्यांच्या पुढे. बैल आले. पण बाजारपेठेतले बरेच जण दारातच उभे राहिले. खात्याची माणसं येतील म्हणून वाट बघत. दोनच वर्षं सुटलेली सवय. पण पायांनाही विसर पडतो.

माती टाकायला आणि तुडवायला हात कमी पडले. मधला बांध वाचला, बाजाराकडचं टोक गेलं. माणसं वाचली, पण जमिनीतली धान्याची पेवं बुडाली, आणि ज्यांनी दारात उभं राहून वाट पाहिली त्यांचंच धान्य सडलं. मळेवालीची वांगीही गेली. ती मात्र रडत बसली नाही. ती माती टाकत होती.

राजानं कुंपण उपटलं आणि खातं बंद केलं. पहारेकऱ्याला ढोल दिला. प्रधानजींना पुन्हा बोलावलं, तेव्हा ते म्हणाले, "येतो. पण आधी तुडवणीला."

त्या उन्हाळ्यात राजा चिखलात उभा होता. त्याच्या पायाशी बीळ निघालं आणि तो पोरासारखा ओरडला. आंबिलीचा वाडगा मळेवालीनं भरला. "घ्या महाराज," ती म्हणाली, "यंदा तुमची कमाई आहे."

तात्पर्य: लोकांच्या हातचं काम राज्यानं काढून घेतलं की काम तर बिघडतंच, वर लोकांचे हातही निकामी होतात.