माफीनंतरचा खटला

एकदा एका व्यापारी नगरात नीलकंठशास्त्री नावाचे वृद्ध न्यायाधीश होते. श्रीरंग हा त्यांचा शिष्य त्यांच्यापाशी न्यायशास्त्र शिकत असे आणि सभेत लेखणीचे कामही करी.

एके दिवशी म्हादू कोष्टी मोडलेला हात गळ्यात बांधून सभेत आला. बाजारातल्या जागेच्या वादातून एका धनाढ्य व्यापाऱ्याने त्याला काठीने मारले होते. व्यापारी समोरच बसला होता. श्रीरंग फिर्याद लिहू लागला, तोच म्हादू म्हणाला, "महाराज, मी यांना माफ केलं. माझी काही तक्रार नाही."

श्रीरंगला भरून आले. क्षमेहून मोठा न्याय कोणता? त्याने लेखणी खाली ठेवली.

शास्त्री म्हणाले, "फिर्यादीच्या जागी म्हादूचे नाव खोड. तिथे नगराचे नाव लिही आणि साक्षीदारांना बोलाव."

तीन साक्षी झाल्या. काठी चुकून लागली नव्हती. "आता माग कसा चालवतोस ते बघतो," असे म्हणून व्यापाऱ्याने ती हाणली होती. त्याचेही म्हणणे शास्त्र्यांनी शांतपणे, शेवटपर्यंत ऐकले. मग सहा महिन्यांचा कारावास सुनावला.

सभा उठल्यावर श्रीरंगला राहवेना. "गुरुजी, ज्याचा हात मोडला त्यानेच क्षमा केली. मग शिक्षा देणारे आपण कोण?"

"त्याची क्षमा त्याच्यापाशीच आहे, ती मी हिरावून घेतली नाही," शास्त्री म्हणाले. "बांधाचा तंटा असता, तर समेट होताच मी उठलो असतो. पण भर बाजारात कुणी जाणूनबुजून माणसाचा हात मोडला, की दुसऱ्या दिवशी दुकान मांडणारा प्रत्येक जण बिचकतो. तो अपराध साऱ्या नगराविरुद्धचा होतो. एकट्याने तो मिटवायचा नसतो. शिवाय क्षमा मनातून आली की भीतीतून, हे न्यायासनावरून दिसत नाही."

श्रीरंगने मान डोलावली, पण मनातून त्याला हे पटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या घाटावर त्याला म्हादू भेटला. इकडेतिकडे पाहत तो हळूच म्हणाला, "काल सभेला निघण्याआधी त्यांचे दोन गडी माझ्या ओट्यावर येऊन बसले होते. माझी लेक पाण्याला कोणत्या वाटेनं जाते, एवढंच विचारलं त्यांनी. मग मी माफ केलं."

श्रीरंगने म्हादूची भरलेली घागर आपल्या खांद्यावर घेतली आणि त्याच्या दारापर्यंत नेऊन पोचवली.

फौजदारी खटल्यात फिर्यादीच्या बाजूने आजही सरकार उभे राहते, ते यासाठीच.