खैरदऱ्याचा हाकेचा दगड

साहेब, वेशीतला हा काळा पाषाण पाहिलात? याला हाकेचा दगड म्हणतात. आज हरवलेल्या मुलांचा सरकारी दिवस, म्हणून तुम्ही पोलीस ठाण्यातून फलक घेऊन आलात, बरं केलंत. पण आमच्याकडे ही आठवण सरकारच्या फार आधीपासून ठेवली जाते. मी इथला गुरव. भाषणाआधी एवढं ऐकून घ्या.

पूर्वी वेशीबाहेर दगड फोडणाऱ्या वडारांची पालं होती, असं सांगतात. त्यातल्या यल्लव्वाची लेक दुर्गी जोखाई देवीच्या जत्रेत हरवली. आई पाटलाकडे धावली, दवंडी पिटवा म्हणून पाया पडली. पाटलाचा बैल सुटला होता, तेव्हा दवंडी आसपासच्या गावांतही फिरली होती. आता मात्र तो म्हणाला, "पालखी उठलीया. देवीच्या वाजपात वडाराच्या पोरीची दवंडी? उद्या ये." पोर गेली ती गेलीच.

यल्लव्वाने रडणं टाकलं. पहारीने डोंगरातून हा दगड काढला, एकटीने वेशीत आणून रोवला आणि पाटलाला शाप दिला, "उद्या म्हनलास न्हवं? आता तुझीच हाक तुझ्या लेकराला लांब पळवंल."

झालंही तसंच म्हणे. पाटलाने एकुलत्या एका मुलाला जेवायला हाक मारली, तर तो उठून उलट्या दिशेला चालू लागला. बाप जितका मोठ्याने ओरडे, तितकी त्याची पावलं भरभर पडत. शेवटी पाटलाने दवंडी पिटवली आणि पहिल्याच थापेला पोर डोंगरापलीकडे दिसेनासं झालं. करावं तसं भरावं. मला त्या पाटलाची दया येत नाही, पोराची येते.

मग तो यल्लव्वाच्या पायाशी आला. तिने त्याला भर दुपारी अनवाणी या दगडावर चढवलं. "आधी माझ्या दुर्गीला हाक मार." तळपाय भाजून निघाले, घसा फुटला, तरी तो हाका मारत राहिला. तिन्हीसांजेला त्याने विचारलं, "आता माझा येईल का गं?"

"माझी आली का?" एवढंच बोलून तिने पाल उचललं आणि ती गाव सोडून गेली.

तेव्हापासून इथे मूल हरवलं, मग ते कुणाचंही असो, की पालखी जागच्या जागी थांबते. आणि आजही जो कुणी 'उद्या ये' म्हणेल, त्याला उन्हात या दगडावर चढून त्या मुलाच्या नावाने हाका माराव्या लागतात. त्यातून पाटील सुटत नाही आणि देवीचा पुजारीही सुटत नाही.

परवा वीटभट्टीवरची शेवंता तुमच्या ठाण्यात आली होती. तिचा म्हाळू आठवडी बाजारात हरवलाय. तुम्ही तिला काय सांगितलंत, ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. ती पाहा, समोरच उभी आहे.

बूट काढा, साहेब.