बगळे उडवणारा हसुराम

खाडीकाठच्या एका गावात हसुराम नावाचा एक कोळी राहत होता. थंडीत बाकीच्यांची जाळी रिकामी यायची, याच्या होडीत मात्र जिताडा असायचाच. जिताडा म्हणजे खाडीतला मानाचा मासा. थंडी पडली की तो खोल पाण्यात गप्प बसतो, कुणाला सापडत नाही.

हसुरामला एक खूण ठाऊक होती. दुपारच्या उन्हानं उथळ पाणी कोमट झालं की बोईट नावाचे छोटे मासे चिखलाच्या कडेला येतात. त्यांना टिपायला बगळे येतात आणि त्याच बोइटांच्या मागे जिताडाही वर येतो. बगळे माना लांबवून जिथे उभे, तिथे हसुरामचं जाळं. जागा रोज बदलायची, पण बगळे चुकायचे नाहीत.

एके दिवशी शेजारची पदूबाय आपली होडी घेऊन त्याच्या मागोमाग आली. तिलाही एक जिताडा मिळाला. झालं, हसुरामच्या पोटात दुखू लागलं. आज ही आली, उद्या सगळा गाव येईल, असं त्याच्या मनानं घेतलं. त्या दिवसापासून स्वतःचं जाळं भरलं की तो चिखलाचे गोळे मारून बगळे उडवून लावायचा. खूणच राहिली नाही तर मागून येणारा काय बघणार? आपल्या या अकलेवर स्वारी भलतीच खूश होती.

"त्या पाखरांनी तुझं काय घोडं मारलंय?" पदूबायनं एकदा विचारलं.

"तू तुझं जाळं बघ," हसुराम म्हणाला.

अशात त्याच्या लेकीचं, यमुनेचं, लग्न ठरलं. व्याही पहिल्यांदाच घरी जेवायला येणार होते. गावची रीत अशी, की व्याह्याच्या पानात जिताड्याचं डोकं वाढायचं. ते नसलं तर पाहुण्यांचा मान राखला नाही, असं समजत.

"बाबा, मिळेल ना जिताडा?" यमुनेनं विचारलं.

"न मिळायला काय झालं?" म्हणत हसुराम होडीत बसला.

लांबवर बगळ्यांची रांग दिसली. पण होडी जरा जवळ गेली आणि सगळे बगळे उडाले. तिथे पोचेपर्यंत पाणी इकडून तिकडून सारखंच. जाळ्यात नुसता चिखल आला. त्यानं होडी दुसरीकडे वळवली, तिथलेही उडाले. बगळे आता त्याची होडी ओळखत होते. ओहोटी लागली होती. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि हसुरामला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

शेवटी मान खाली घालून तो पदूबायकडे गेला. "मला तुझ्या होडीत घेशील?"

पदूबायनं त्याच्याकडे निवांत पाहिलं. "ये. पण जाळ्याखाली आडवा पड. तुझं तोंड दिसलं तर माझेही बगळे जातील."

गावातला नावाजलेला कोळी ओल्या जाळ्याखाली पोत्यासारखा पडून राहिला. पदूबायनं हळूहळू होडी नेली. एकही बगळा हलला नाही. तिनं जाळं टाकलं आणि चांगला थोराड जिताडा वर आला.

"ने. यमुनेसाठी देतेय, तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी पानं वाढली. व्याही खूश झाले. "एवढ्या थंडीत जिताडा! तुमचं नाव ऐकलं होतं, ते खरंच."

हसुरामला हो म्हणून मोकळं होता आलं असतं. यमुनाही त्याच्याकडेच बघत होती. त्यानं हातातला घास पानात ठेवला.

"जिताडा माझा नाही. पदूबायनं धरला," तो म्हणाला, आणि बगळ्यांपासून जाळ्याखाली झोपण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

व्याही पोट धरून हसले. मग त्यांनी पानातलं डोकं बाजूला काढलं. "हा मान तिचा. बोलवा तिला." यमुना धावतच गेली आणि पदूबायला घेऊन आली.

पदूबायचा राग जेवता जेवता निवळला. बगळ्यांचा काही निवळला नाही. ती थंडी सरेपर्यंत हसुराम पदूबायच्याच होडीतून, जाळ्याखाली आडवा पडून मासेमारीला जात होता.

तात्पर्य: दुसऱ्याला दिसू नये म्हणून जो खूण पुसतो, त्याला एक दिवस स्वतःलाच वाट सापडत नाही.